५० आठवड्यांचे बोट

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माहेरच्या घरी मी तीन आठवड्यांपूर्वी आले. तेव्हापासून भेटायला येणारा प्रत्येक जण चहाचा कप हातात घेतला की आधी माझ्या उजव्या तर्जनीकडे पाहतो आणि मग विचारतो, "किती मिळाले?" अमेरिकेत कामावर इजा झाली म्हणजे लाखो डॉलर्सचा दावा, अशी समजूत इथे घट्ट बसलेली आहे. रकमेचे उत्तर मी टाळते. वकील कसा शोधला हे मात्र सविस्तर सांगते, कारण बडोद्याहून तिकडच्या गोदामांत कामाला गेलेल्या कुटुंबांपैकी काही घरे आमच्याच गल्लीत आहेत.

न्यू जर्सीतील एका गोदामात मी पॅकिंगचे काम करीत असे. कन्व्हेअर बेल्टवर अडकलेले खोके ओढताना बोट रोलरखाली गेले. सुपरवायझरने बर्फाची पिशवी दिली आणि उद्या पाहू म्हटले. शेजारी काम करणाऱ्या स्पॅनिश बोलणाऱ्या बाईने मात्र भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून हवेत लिहिल्याची खूण केली. ती समजून मी पाळी संपण्यापूर्वी वेळ, जागा आणि कोण कोण हजर होते एवढे लिहून कागद दिला व त्याचा फोनवर फोटो काढून ठेवला. पुढे वकीलबाईंनी सर्वांत आधी मागितला तो हाच फोटो.

चूक माझ्याकडूनही झाली. दुखणे वाढल्यावर मी नणंदेच्या ओळखीच्या डॉक्टरकडे गेले आणि ते बिल मलाच भरावे लागले. न्यू जर्सीत कामावरच्या इजेसाठी डॉक्टर निवडण्याचा अधिकार मालकाला व त्याच्या विमा कंपनीला असतो. शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात साधारणपणे कामगार स्वतः मान्यताप्राप्त डॉक्टर निवडू शकतो. म्हणजे नदी ओलांडली की नियम बदलतो. "माझ्या भाच्याला शिकागोत असे मिळाले" या धर्तीचा सल्ला म्हणूनच निरुपयोगी असतो, आणि वकील त्याच राज्यातला, त्याच कायद्यात मुरलेला हवा.

कामावरच्या इजेच्या भरपाईचा हा कायदा न्यू जर्सीत १९११ सालापासून आहे. त्याचा मूळ सौदा असा, की चूक कोणाची हे सिद्ध न करता कामगाराला औषधोपचार आणि भरपाई मिळावी, व त्या बदल्यात त्याने मालकावर नेहमीच्या दिवाणी न्यायालयात दावा लावू नये. मालकाने जाणूनबुजून घात केला असेल तर गोष्ट वेगळी. सात दिवसांहून अधिक काळ काम बुडाले, तर पहिल्या दिवसापासून सरासरी साप्ताहिक पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते, अर्थात राज्याने ठरवलेल्या कमाल मर्यादेत. या खटल्यांना ज्युरी नसते. राज्याच्या कामगार खात्याखालचे वेगळे न्यायाधीश ते ऐकतात.

हे कळण्यापूर्वी मी ओक ट्री रोडवरून येताना दिसणाऱ्या मोठ्या जाहिरातीवरचा नंबर फिरवला होता. तिथे माझ्याशी कधीच वकील बोलला नाही. दर वेळी नवा माणूस तेच प्रश्न विचारी, आणि इजा मोटारीच्या अपघातातली नाही हे कळल्यावर त्याचा आवाज थंड होई. महिनाभर असे गेल्यावर मराठी मंडळातल्या एका काकांनी सांगितले, की न्यू जर्सीचे सर्वोच्च न्यायालय ठरावीक विषयांतल्या अनुभवी वकिलांना परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देते व त्यांत कामगार भरपाई हाही एक विषय आहे. त्या यादीतून घराजवळच्या तिघांना मी फोन केले आणि तिघांनाही एकच प्रश्न विचारला: सुनावणीला माझ्या बाजूने उभे कोण राहणार? "मी स्वतः" असे उत्तर एकीनेच दिले.

फीची धास्ती होती, ती पहिल्याच भेटीत गेली. वकील आधी पैसे घेत नाही. शेवटी न्यायाधीश फी मंजूर करतात, तिला कायद्याने कमाल मर्यादा आहे आणि तिचा काही भाग बहुधा समोरच्या पक्षावर टाकला जातो.

मग वकीलबाईंनी कोणता अवयव गमावल्यास किती आठवड्यांची भरपाई, याचा एक छापील तक्ता काढून त्यावर पट्टी ठेवली. अंगठा ७५ आठवडे, तर्जनी ५०, मधले बोट ४०. माझे बोट तुटलेले नव्हते, वाकत नव्हते. म्हणून दोन्ही बाजूंचे डॉक्टर तपासून टक्केवारी सांगणार आणि त्या ५० आठवड्यांतला तेवढाच वाटा मिळणार. मला मकरपुऱ्याच्या कारखान्यात प्रेसखाली बोट गमावलेले आमचे थोरले काका आठवले. आपल्याकडच्या १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टातही असाच तक्ता होता, त्यात कमाईच्या क्षमतेतली घट पूर्ण तर्जनी गेल्यास १४ टक्के आणि अंगठा गेल्यास ३० धरलेली होती. काका तो आकडा जन्मभर पाढ्यासारखा म्हणून दाखवीत, आणि आम्ही मुले हसत असू.

खरी कसोटी तडजोडीच्या दिवशी लागली. हा जुना संधिवात आहे असे म्हणत विमा कंपनीने भरपाई कायद्याच्या कलम २० खाली एकरकमी पैसे देऊ केले आणि रक्कम कानाला गोड लागली. वकीलबाईंनी शांतपणे समजावले, की या कलमाखाली सही केली म्हणजे प्रकरण कायमचे मिटले. उद्या बोट आणखी आखडले तरी दार बंद. टक्केवारी मान्य करून न्यायाधीशांच्या आदेशाने होणाऱ्या दुसऱ्या तडजोडीत रक्कम थोडी कमी येईल, पण शेवटच्या हप्त्यापासून दोन वर्षांच्या आत इजा वाढल्यास प्रकरण पुन्हा उघडता येईल. जाहिरातीवाल्या कचेरीने हा फरक मला सांगितला असता असे वाटत नाही. मी दुसरी तडजोड घेतली.

शेवटचा हप्ता मार्चमध्ये आला. काल पोळ्या लाटताना लाटण्यावर ते बोट ताठच राहिले, तेव्हा वहिनीने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयाच्या मागच्या पानावर माझी दोन वर्षांची मुदत संपण्याची तारीख लाल शाईने लिहून ठेवली.