नाकापेक्षा वायर जड

स्पीकरची वायर घरात आणल्यावर माणूस पहिलं काम करतो ते ती लपवायचं. कपाटामागून, गालिच्याखालून, भिंतीच्या कडेकडेनं. तरीही मी एकदा ती रूपावर भाळून घेतली होती. करंगळीएवढी जाड, वर सापाच्या कातीसारखं विणलेलं आवरण, टोकांना सोनेरी पिना आणि हे सगळं ठेवायला काळी मखमली पिशवी. वायरीला पिशवी! तिथेच शंका यायला हवी होती.

पण त्या वायरीनं खरंच फरक पडला हो. जोडली, गाणं लावलं आणि इतके दिवस पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटणारा खर्ज खोलीत घुमायला लागला. आधी गायिकेचा आवाज सगळीकडून यायचा आणि नेमका कुठूनच यायचा नाही. आता ती दोन स्पीकरांच्या बरोबर मधोमध येऊन उभी राहिली. बायकोला हाक मारून ऐकवलं. "छान आहे," ती म्हणाली, "पण वायर दिसतेय." मग मी हे कौतुक भेटेल त्या मित्राला ऐकवत सुटलो.

वर्षभरानं कपाट हलवायचं निघालं आणि नव्या जागी ती वायर पुरेना. (महागाची वस्तू आपण मोजून-मापून, अंमळ आखूडच घेतो.) तात्पुरती म्हणून अडगळीतली जुनी वायर काढली. साधी, दुपदरी, दोन्ही पदर एकाच रंगाचे. तिचा गुंता सोडवताना एका पदरावर नखाला काहीतरी लागलं. लांबीभर गेलेली, असून नसल्यासारखी एक उंच रेघ. दुसरा पदर गुळगुळीत. प्लस कुठलं आणि मायनस कुठलं ते कळावं म्हणून कारखान्यातच केलेली ही खूण, आणि ती माझ्या गावीही नव्हती. मी आपला टोकांना लाल चिकटपट्ट्या लावून मोकळा झालो होतो. आता पाहतो तर एका वायरीच्या अँप्लिफायरकडच्या टोकाला लाल पट्टी रेघेच्या पदरावर, आणि स्पीकरकडच्या टोकाला गुळगुळीत पदरावर.

म्हणजे ती महागडी वायर येईपर्यंत इतकी वर्षं एका स्पीकरचा पडदा पुढे यायचा तेव्हा दुसऱ्याचा मागे जायचा. एकानं हवा ढकलायची, दुसऱ्यानं ओढून घ्यायची. खर्जातले सूर असे एकमेकांना खाऊन टाकतात आणि मधली गायिका बेघर होते. पट्टी सोलून योग्य पदरावर लावली, तीच जुनी वायर जोडली. खर्ज जागच्या जागी. मित्रांना मात्र मी हे अजून सांगितलेलं नाही.

मग वायर किती जाड हवी याचा खाली बसून हिशेब केला, जो आधी करायला हवा होता. ओहम या शास्त्रज्ञानं विजेच्या रोधाचा, म्हणजे तार विजेला किती अडवते त्याचा, आपला नियम १८२७ साली छापला, त्यामुळे वेळ मिळाला नाही असं मला म्हणता येत नाही. तांब्याच्या १.५ चौरस मिलिमीटरच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.०११५ ओहम (रोध त्याच्याच नावानं मोजतात). स्पीकर ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर, म्हणजे ०.१२ ओहमच्या आत. समोर ८ ओहमचा स्पीकर. वायरीचा रोध स्पीकरच्या ५ टक्क्यांखाली ठेवावा असा एक ढोबळ नियम आहे. इथे तो दीड टक्काही भरत नाही. आवाज घटतो तो डेसिबलच्या, म्हणजे आवाजाच्या मापाच्या, सातव्या-आठव्या हिश्श्यानं, आणि अख्ख्या एका डेसिबलचा फरकही कानाला जेमतेम कळतो. अंतर दुप्पट झालं किंवा स्पीकर ४ ओहमचा असला, तर २.५ ची घ्या. दोरीसारखी बारीक ०.५ ची तार मात्र ४ ओहमच्या स्पीकरला याच अंतरावर साडेआठ टक्के खाते. तिथे काटकसर नको.

हे अंतर मोजायचं ते सुतळीनं, वायर जाणार त्याच वाटेनं. नजरेनं सरळ रेषेत मोजलं की दाराच्या चौकटीशी येऊन वायर तोकडी पडते.

खरी फसगत जाडीत नाही, धातूत आहे. वरून तांब्याचा मुलामा आणि आत अल्युमिनियम, अशी वायरही तांब्याच्या नावाखाली हातात पडते. उचलली की हलकी लागते, आणि आडवी कापली की शेंड्याला पांढरं पोट दिसतं. वाजत नाही असं नाही, पण रोध दीडपट. घ्यायचीच तर एक माप जाड घ्यावी. ऑक्सिजनमुक्त, म्हणजे जास्त शुद्ध म्हणून विकल्या जाणाऱ्या तांब्याचं माहात्म्य त्या मानानं पोकळ. वीज वाहून नेण्यात साध्या चांगल्या तांब्याच्या पुढे ते जातं एखाद्या टक्क्यानं. डाव्या-उजव्या वायरी तंतोतंत सारख्या लांबीच्या हव्यात, हाही असाच एक सोवळेपणा. एक मीटर जादा वायरीनं विजेला जो उशीर होतो, तेवढ्या वेळात आवाज केसाच्या जाडीइतकाही सरकत नाही. आपण ऐकताना मान त्याहून कितीतरी जास्त डोलावतो.

शेवटी लाल-काळी, साधी, १.५ ची तांब्याची वायर आणली. शेंडे बोटभर सोलले, सगळ्या तारा चिमटीत धरून घट्ट पीळ दिला. एक चुकार तार बाहेर राहिली होती, केसाएवढी. ती शेजारच्या टर्मिनलला टेकली असती तर कदाचित अँप्लिफायरच गेला असता. वायरीच्या जातकुळीची चर्चा करायला काही उरलंच नसतं. ती आत वळवली, स्क्रू आवळला, लाल ते लाल, काळं ते काळं. वायर गालिच्याखाली गेली आणि बायकोनं पहिल्यांदाच तिला पसंती दिली.

ती करंगळीएवढी वायर अडगळीत गेली. मखमली पिशवीत मी चष्मा ठेवतो. बरोब्बर मावतो.