माळ घालण्याआधी: निवृत्त पोलिसाची पेन्शन, पाय आणि पंढरीची वाट

पोलिसाच्या घरचा गणपती बहुतेक वेळा बायकोमुलांनीच आणलेला आणि त्यांनीच पोचवलेला असतो. साहेब त्या रात्री ठाण्याच्या मासुंदा तलावाच्या कडेला बंदोबस्ताला. दहीहंडी, नवरात्र, पाडव्याची शोभायात्रा, सगळं दोरीच्या पलीकडून पाहिलेलं. म्हणून अठ्ठावन्नाव्या वर्षी खाकी उतरली की अनेकांना पहिली ओढ लागते ती माळेची आणि वारीची. ती ओढ खरी असते आणि ती पुरी व्हायलाच हवी. फक्त माळ घालण्याआधी घरातल्या माऊलीची कागदपत्रं नीट करून ठेवावीत, असं मला कळकळीनं सांगायचं आहे. देवाचं काम त्यानंतर निश्चिंतपणे करता येतं.

पेन्शनचं प्रकरण निवृत्तीच्या बरंच आधी तयार व्हावं लागतं. अडतं ते सेवापुस्तकात. जुन्या वेतननिश्चितीची पडताळणी राहिलेली असते, एखाद्या बदलीच्या ठिकाणची नोंद नसते, रजेचा हिशेब जुळत नसतो. शेवटच्या महिन्यात हे सापडलं की धावपळ ठरलेली. निवृत्तीला दोन वर्षं असतानाच आस्थापना शाखेत बसून सेवापुस्तक पहिल्या पानापासून डोळ्यांखालून घालावं.

सगळ्यात जास्त घोळ पत्नीच्या नावात असतो. सेवापुस्तकात ‘सुमन’, आधारवर ‘सुमनबाई’, बँकेत माहेरचं नाव. साहेब असेपर्यंत हे कुणाच्या लक्षात येत नाही. ते गेल्यावर मात्र ती आणि ही एकच बाई, हे सिद्ध करायला त्या माऊलीला चकरा माराव्या लागतात. पती-पत्नीचा एकत्र फोटो, दोघांच्या जन्मतारखा आणि नावाचं प्रत्येक अक्षर पीपीओशी, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाशी, ताडून घ्या. जन्मतारीख विशेष महत्त्वाची, कारण वयाच्या ८० वर्षांनंतर मूळ पेन्शनमध्ये वाढ मिळते आणि ती कुटुंब निवृत्तिवेतनालाही लागू असते. तारखेची नोंदच नसेल तर ती वाढ आपोआप कशी लागणार? घरात दिव्यांग मूल असेल तर त्याचं नाव आणि वैद्यकीय प्रमाणपत्र आई-वडील हयात असतानाच नोंदवून ठेवावं. हे पुढच्यावर ढकलू नका.

आकडेही घरात माहीत असावेत. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन, म्हणजे साधारण शेवटच्या मूळ वेतनाच्या ५० टक्के. त्यातली कमाल ४० टक्के रक्कम अंशराशीकरण करून, म्हणजे पेन्शनचा तेवढा भाग विकून, एकदम घेता येते. त्यापोटी दरमहा पेन्शनमधून कापलेली रक्कम १५ वर्षांनी पूर्ववत होते. पेन्शनर गेल्यास पत्नीला आधी वाढीव दरानं कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, ते सात वर्षं किंवा पेन्शनर ६५ वर्षांचे झाले असते त्या दिवसापर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर. पुढे ते मूळ वेतनाच्या ३० टक्क्यांवर येतं. घराचा हप्ता ठरवताना हा उतार धरलेला नसतो आणि तिथेच घर अडचणीत येतं. पोलीस लाईनीतली खोलीही वेळेत सोडावी. मुदतीनंतर दंडनीय दरानं भाडं लागतं आणि ना देय प्रमाणपत्र नसेल तर उपदानाचे (ग्रॅच्युइटीचे) पैसे अडकतात.

आता पाय. तीस-पस्तीस वर्षं बंदोबस्ताला उभं राहिलेल्या पायांना उभं राहण्याची सवय असते, रोज वीस किलोमीटर चालण्याची नसते. पोटरीवर निळ्या शिरा फुगलेल्या असतील, संध्याकाळी घोटे सुजत असतील, तर वारीचं ठरवण्याआधी डॉक्टरांना दाखवा. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर आहे. चालायचा सराव निदान तीन महिने आधी, गुढीपाडव्याच्या सुमाराला सुरू करावा. पहिले पंधरा दिवस उपवन तलावाभोवती रोज चार किलोमीटर. मग दर आठवड्याला दोन-दोन किलोमीटर वाढवत बारा-पंधरापर्यंत जावं. शेवटच्या महिन्यात आठवड्यातून एकदा उपवनहून येऊरचा चढ, पाठीवर तीन किलोची पिशवी घेऊन, पण उजाडल्यावरच, कारण तो बिबट्याचा परिसर आहे. सर्वात उपयोगाचा सराव म्हणजे लागोपाठ दोन दिवस लांब चालणं. एक दिवस सगळेच चालतात; दुसऱ्या दिवशी सकाळी टाच टेकताना काय होतं ते कळायला हवं.

नवे बूट घेऊन निघणारे पुण्यापर्यंतच लंगडायला लागतात. पाऊल चालून फुगतं, म्हणून चप्पल-बूट अर्धा नंबर मोठे आणि दोन महिने वापरलेले हवेत. मोज्यांचे तीन जोड ठेवा. ओला मोजा बदलला नाही की फोड आलाच. फोडाची कातडी सोलू नये, झाकून ठेवावी. मधुमेह असेल तर रोज रात्री तळव्याखाली आरसा धरून पाहावं. संवेदना कमी झालेल्या पायाला खडा टोचलेला कळत नाही.

सगळ्यांत कठीण टप्पा पुणे ते सासवड, तीसेक किलोमीटर आणि त्यात दिवेघाट. त्याच दिवशी ज्येष्ठ वद्य एकादशी असते. म्हणजे सर्वांत लांब चाल आणि उपास एकाच दिवशी. मधुमेहाच्या काही गोळ्या नेहमीच्या मात्रेत घेऊन पोट रिकामं ठेवलं तर घाटात साखर उतरून घाम फुटतो, हातपाय थरथरतात. उलट दिवसभर साबुदाणा आणि बटाटा खाल्ला की साखर चढते. त्या दिवसाच्या गोळ्यांचं डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या. खिशात खडीसाखर असू द्या. भगर आणि दाण्याची आमटी थोडी थोडी खा. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात घालायची, पेल्यात अंदाजानं नाही.

दिंडी निवडताना भिशी, म्हणजे जेवणखाण्याची वर्गणी, किती यापेक्षा मुक्काम कुठे, सामानाचा ट्रक कितीला पोचतो आणि बायकांच्या शौचालयाची सोय काय, हे विचारा. जोडीनं जाणार असाल तर शेवटचा प्रश्न पहिला विचारा. आणि तिथे साहेबपण घरी ठेवा. दिंडीत शिस्त वीणेकरी आणि चोपदार सांभाळतात. रात्रीच्या समाज आरतीला चोपदारांनी दंड उंचावला की एवढा समुदाय क्षणात गप्प होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचेच टाळ वाजत राहतात आणि चोपदार तिकडे जाऊन ऐकून घेतात. लाठीशिवाय जमाव कसा सांभाळतात, हे पोलिसाच्या डोळ्यांनी पाहण्यासारखं आहे.

परतीसाठी एसटीत ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, ७५ नंतर मोफत, महिलांना त्याआधीही अर्धंच. नुकत्याच निवृत्त झालेल्या साहेबांना मात्र पूर्ण.

कार्तिकी वारी करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. ती बहुतेकदा नोव्हेंबरमध्ये येते आणि हयातीचा दाखलाही नोव्हेंबरमध्येच द्यायचा असतो. परत आल्यावर देऊ म्हणता म्हणता महिना संपतो आणि पेन्शन थांबते. पहिल्या आठवड्यातच बँकेत सही करून मोकळं व्हावं. ‘जीवन प्रमाण’ या सरकारी ऑनलाइन सोयीवर दाखला करणार असाल आणि झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्र घेत नसेल तर चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आहे. अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांसाठी पोस्टमनही घरी येऊन हा दाखला करून देतो. दाखल्याचा प्रमाण क्रमांक पीपीओच्या झेरॉक्सवर लिहून ठेवा आणि ती फाईल कपाटात कुठे आहे हे सूनबाईंनाही दाखवून ठेवा.