तीन पात्यांची धार

विस्कॉन्सिनमध्ये सप्टेंबरच्या मध्याला धनुष्यबाणाने हरणांची शिकार सुरू होते. शेजारी आज गॅरेजमध्ये ब्रॉडहेडना, म्हणजे बाणाच्या पात्यांच्या टोकांना, धार लावत बसला होता. मीही बसलो.

एकसंध, तीन पात्यांचं टोक. कोन मोजायची भानगडच नाही! दोन पाती एकदम सपाट दगडावर टेकवली की ६० अंश आपोआप मिळतात. आधी कडांना मार्करची शाई फासायची; शाई उरली तिथे दगड लागलेलाच नाही. मग फिरवून पुढची जोडी. शेवटी चामड्यावर हलक्या हाताने मागे ओढायचं.

बाण मारतो तो धक्क्याने नव्हे, रक्तस्रावाने. बोथट टोक म्हणजे जनावराचे हाल. मी पक्का शाकाहारी, तरी काही टोकं घासून दिलीच. आईला कुणी टॅग करू नका.