अलिबागला करायचं काय?

"दोन दिवस येतोय, अलिबागला करण्यासारखं काय काय आहे?" हा प्रश्न मला नोव्हेंबरपासून मेपर्यंत येत राहतो. नवऱ्याचे ऑफिसातले लोक विचारतात, माझ्या शाळेतल्या मैत्रिणी विचारतात, ज्यांची ओळख नक्की कुठून ते आठवत नाही असेही विचारतात. आम्ही नागावला राहतो, वाडीतलं घर आहे, त्यामुळे मला माहीत असणारच असं गृहीत धरलेलं असतं. बहुतेकांना हवी असते यादी: दहा वाजता हे, बारा वाजता ते. अलिबागला हे जमत नाही, कारण इथलं वेळापत्रक पाण्याच्या हातात आहे. म्हणून मी उलट विचारते, "तुम्ही येताय त्या शनिवारी तिथी कोणती?"

थट्टा वाटते लोकांना. पण कॅलेंडर काढा. पक्षातली जी तिथी असेल तिची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता भरती पूर्ण. त्यात सहा तास मिळवा, ओहोटी पूर्ण. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनला भरती आणि नऊला ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी-मध्यरात्री बाराच्या अलीकडे भरती, म्हणजे पाणी ओसरणार सकाळ-संध्याकाळ सहाच्या आधी. थोडं इकडेतिकडे होतं, पण कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्यांचा हिशोब हाच आणि मोबाइलवरचा तक्ता त्याच्या फार लांब जात नाही. आणखी एक गोष्ट तिथीवरूनच कळते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, पाणी वर येतंही खूप आणि मागे जातंही खूप. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा ते धड चढत नाही आणि धड सुकतही नाही.

हे सगळं कुलाबा किल्ल्यासाठी. अलिबागच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर दिसतो तो. उधाणाच्या ओहोटीला चालत जाता येतं, घोडागाडीची गरज नाही. आधी ओली कडक वाळू, मग मध्ये खडक लागतात, त्यांना कालवं चिकटलेली असतात. अनवाणी गेलात तर तळवे कापतील, आणि चपला हातात घेऊन चालायची हौस फोटोपुरतीच ठेवा. सुकती सुरू असताना निघायचं, म्हणजे पाणी पुरतं ओसरायच्या तास-सव्वा तास आधी, आणि पाणी वळलं की परतायचं. आत गेल्यावर वेळ कसा जातो कळत नाही, मग मंडळी तटावर बसून होडीची वाट बघतात. शिवाजी महाराजांनी हा किल्ला १६८० साली, अगदी अखेरच्या दिवसांत बांधायला घेतला, संभाजी महाराजांनी पुरा केला, आणि दरारा बसवला तो कान्होजी आंग्र्यांनी. आतलं गणपतीचं पंचायतन राघोजी आंग्र्यांच्या वेळचं. चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याची विहीर, हे बघून मुलं गप्प होतात. कान्होजींची समाधी गावातच आहे, १७२९ साली ते गेले. किल्ला बघून समाधीला न जाता थेट मासे खायला पळणारे पुष्कळ.

किनाऱ्यालगत एक आवार आहे, त्याच्याकडे कुणी वळूनही बघत नाही. ती चुंबकीय वेधशाळा. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी आधी मुंबईत कुलाब्याला व्हायच्या. मुंबईच्या ट्राम विजेवर चालवायचं ठरलं आणि त्या विजेने यंत्रं बिघडणार हे दिसलं, म्हणून १९०४ मध्ये वेधशाळा इथे उभी राहिली. इमारतीत लोखंड वापरायचं नाही म्हणून पोरबंदरचा दगड आणला. मुंबईच्या गडबडीपासून लांब हवं म्हणून अलिबाग, हे शंभर वर्षांपूर्वीच ठरलेलं दिसतं. परवानगीशिवाय आत जाता येत नाही, पण समोरून जाताना मुलांना एवढी गोष्ट सांगा.

आमच्या बाजूला यायला लागलात की आक्षी लागतं. तिथे शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा शिलालेख आहे. सगळ्यात जुना मराठी शिलालेख कोणता, हा की श्रवणबेळगोळचा, यावर अभ्यासक आपसात भांडोत. शेजारी गधेगाळ आहे: दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी, तीही दगडात कोरून. कित्येक वर्षं हे दगड रस्त्याच्या कडेला पडून होते, आम्ही सायकलवरून रोज जायचो आणि ते काय आहेत हे कुणी सांगितलं नव्हतं. अलीकडे नीट ठेवलेत. पाच मिनिटांचं काम आहे, पण थांबा.

वॉटर स्पोर्ट्सबद्दलही विचारतात. नागावच्या किनाऱ्यावर सगळं मिळतं, केळ्याच्या आकाराची होडी, पॅराशूट, वाळूवर धुरळा उडवणाऱ्या त्या चार चाकी गाड्या. पोरांना मजा येते, आमच्या गावातल्या मुलांना चार पैसे मिळतात, मी नाक मुरडणार नाही. फक्त शनिवार-रविवारी दुपारी तिथे जाऊन मला फोन करून "किती गर्दी आहे हो तुमच्याकडे" असं म्हणू नका. लाइफ जॅकेट मागून घ्या. पावसाळ्यात पाण्यात उतरू नका, गुडघाभर म्हणूनसुद्धा नाही.

त्यापेक्षा समुद्राकडे पाठ करा. नागाव-चौलच्या गल्ल्यांतून चालत फिरायला सकाळी आठच्या आत निघा. दोन्ही बाजूंना नारळ-सुपारीच्या वाड्या, मध्ये दोन माणसं शेजारी चालतील एवढी पाखाडी, पाटाला पाणी सोडलेलं. आता पंप आहेत, पूर्वी रहाट होते, त्यांचा आवाज ऐकत आम्ही उठायचो. वाडीत शिरण्याआधी हाक मारा. "वाडी बघायची होती हो" म्हटलंत तर कुणी नाही म्हणणार नाही, आणि शहाळं आपणहून पुढे करतील. न विचारता शिरून झोपाळ्यावर रील काढलीत तर काय ऐकून घ्यावं लागेल ते मी इथे लिहीत नाही.

चौल आज झोपाळू गाव दिसतं, पण ग्रीक-रोमन लोकांच्या लिखाणात आलेलं बंदर आहे ते. रामेश्वराचं देऊळ, पुढची पुष्करणी, आणि डोंगरावरचा दत्त, मार्गशीर्षात दत्तजयंतीला पाच दिवस जत्रा भरते. एरवी पायऱ्या चढून गेलात तर वरून सगळी वाडी एकसंध हिरवी दिसते, घरं दिसतच नाहीत. पुढे रेवदंडा. पोर्तुगीजांच्या तटाच्या आतच गाव वसलंय, लोक कमानीखालून स्कूटर घेऊन भाजीला जातात. इथल्या शाळेत अफनासी निकितिनचं स्मारक आहे. हा रशियाचा व्यापारी पंधराव्या शतकात चौलला उतरला तो एक घोडा विकायला घेऊन. घोडा पुढे जुन्नरच्या खानाने अडकवून ठेवला, सुटेपर्यंत बिचाऱ्याची दमछाक झाली. रशियाहून कुणी आलं की ते स्मारक शोधत येतं. आपली माणसं शाळेसमोरून भुर्रकन निघून जातात.

कुंडलिकेचा पूल ओलांडून साळाव, मग कोर्लई. किल्ल्याला दीपगृहाच्या बाजूने वर जाता येतं आणि डोंगराच्या सोंडेवरून दोन्हीकडे पाणी दिसतं, एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र. खालच्या गावातली ख्रिस्ती मंडळी घरात अजून पोर्तुगीजमधून निपजलेली बोली बोलतात, चारशेहून जास्त वर्षं टिकवलेली. कृपा करून त्यांना रस्त्यात थांबवून "जरा बोलून दाखवा ना" म्हणू नका.

मांडव्याच्या बोटीच्या धक्क्याहून येत असाल तर वाटेत सासवन्याला उतरा. विनायक पांडुरंग करमरकर, पुण्याचा अश्वारूढ शिवाजी घडवणारे, ते या गावचे. त्यांच्या घरातच शिल्पालय आहे. आम्ही रोज बघतो ती माणसं आणि जनावरं सिमेंट-प्लास्टरमध्ये इतकी जिवंत झालीत की पाहुणे हात लावायला बघतात. लावू नका.

आता खाणं. माशांच्या थाळीबद्दल मी काही सांगणार नाही, प्रत्येकाची आपापली खानावळ ठरलेली असते. एवढंच लक्षात ठेवा की १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ताटात आलेला पापलेट बर्फातून आला आहे. तेव्हा सुकट मागा, सुके बोंबील मागा.

खरं सांगायचं ते पोपटीबद्दल. डिसेंबर अखेर ते फेब्रुवारी, भात निघाल्यावर शेतात ओलीवर वाल घेतात, त्याच्या शेंगा भरल्या की पोपटी. मडकं घ्यायचं, तळाला भांबुर्डीचा पाला. ही झुडपं बांधावर आपोआप उगवतात, उग्र वास असतो, गुरं तोंड लावत नाहीत. त्यावर शेंगा, जाडं मीठ, ओवा चोळून. मग बटाटे, रताळी, अंडी. कोंबडी घालायची तर आधी मसाला लावून केळीच्या पानात बांधून मध्यभागी. पुन्हा शेंगा. तोंड पाल्याने इतकं गच्च दाबायचं की मडकं उलटं केलं तरी काही पडू नये, कारण ते उलटंच ठेवायचं असतं. पाणी नाही, तेल नाही. भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून जाळ. अर्धा-पाऊण तास सगळे शेतात शेकत बसतात आणि ज्याला मडक्यातलं काही कळत नाही तो सगळ्यात जास्त सूचना करतो. झालं का बघायला मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारतात. चर्र होऊन लगेच वाळला की काढा. मडकं काठीने सरकवून सुलटं करतात, पाला उपसतात आणि सगळं वर्तमानपत्रावर ओततात. शेंगा सोलताना बोटं काळी होतात, त्याच बोटांनी अंडी. चटणी-बिटणी लागत नाही.

रिसॉर्टवाले आता पोपटीच्या पाट्या लावतात, कुठे कुठे गॅसवर करतात असं ऐकते. ती पोपटी नव्हे. ज्यांच्याकडे उतरणार त्यांना दोन दिवस आधी फोन करून "शेतात लावाल का" विचारा. शेंगा तोडायला, पाला आणायला माणूस लागतो, त्याचे पैसे द्या, घासाघीस करू नका.

कोकण म्हणजे नुसता किनारा, असं ज्यांना वाटतं त्यांना मी पोयनाडकडच्या खारेपाटात पाठवते. तिथे घराजवळच्या तळ्यात जिताडा मासा वाढवतात, व्याही किंवा जावई आला की तो बाहेर निघतो. तिथलंच चरी गाव. नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने खोतीविरुद्ध, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या खोतांच्या पद्धतीविरुद्ध, १९३३ पासून कुळांनी शेती करायची थांबवली ती १९३९ पर्यंत. सहा वर्षं जमिनी पडीक ठेवून लोकांनी लाकूडफाटा विकून दिवस काढले. "अलिबागहून आलायस का?" असं म्हणणाऱ्यांना हे ठाऊक नसतं.

पावसाळ्यात यायचं का? मला विचाराल तर तेव्हाच या. गेटवेवरून येणारे कॅटामरान पावसाळ्यात बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून रो-रो बोट आहे, गाडीसकट येता येतं, हवा फार बिघडली तर तीही थांबते, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. जूनमध्ये बाजारात कातकरी बायका शेवळं ही रानभाजी घेऊन बसतात, सोबत काकडं, ती आंबट रानफळं, घ्यायला विसरू नका, नाहीतर घशाला खाज सुटेल. किहीमला सुगरणींची घरटी लोंबायला लागतात. १९३० मध्ये पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी याच किहीममध्ये बसून सुगरणीचा संसार अभ्यासला. नर अर्धवट घरटी बांधतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तरच पुढचं काम आणि पुढचा संसार. एक घर मार्गी लागलं की तो पठ्ठ्या दुसरं बांधायला घेतो.

रस्त्याने येणार असाल तर शुक्रवारी संध्याकाळी वडखळ टाळा, तिथे गाड्या तुंबतात. परतीला रविवारी चार ते आठ टाळा. यावर कुणाकडेच उपाय नाही.

आणि पांढरा कांदा. फेब्रुवारी-मार्चपासून निघतो, कार्ले-खंडाळे या बाजूचा नावाजलेला, २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन मिळाल्यापासून रस्त्याच्या कडेला सगळेच कांदे अलिबागचे झालेत. सुटा, पोत्यातला घेऊ नका. खरा कांदा पातीसकट वेणी घालून माळेत बांधलेला असतो, बांधायचं काम बहुतेक बायका करतात. एक कांदा फोडून मागा, कच्चा खाऊन बघा, डोळ्यांत पाणी आलं तर पुढच्या टपरीवर जा. घरी नेऊन फ्रीजमध्ये किंवा प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, वारा लागेल अशा जागी माळ तशीच टांगा आणि लागेल तसा खालून एकेक काढा.