बुलेटखालचं पोतं

चहाच्या टपरीवर गाडी लावली की कुणी ना कुणी वाकून इंजिनखाली बघतंच. मग ठरलेला प्रश्न: "एवढी जुनी बुलेट आणि खाली ऑइलचा थेंब नाही? काय केलंत हो?" तुम्ही विचारलंत म्हणून नीट लिहितो. उभ्याउभ्या सांगायला गेलो की अर्धं राहून जातं.

माझी गाडी 1997 ची साडेतीनशे. कास्ट आयर्न इंजिन, गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. बुलेट म्हटलं की ऑइल टाकणारच, हे मी लहानपणापासून ऐकलं आणि बरीच वर्षं खरंही मानलं. अंगणातल्या शहाबादी फरशीवर डाग पडायचा म्हणून आई गाडीखाली पोतं अंथरायची. गॅरेजमध्ये नेली की डावीकडच्या कव्हरचा नट आणखी आवळून मिळायचा, काठाला फट बुजवायच्या सिलिकॉन पेस्टचा आणखी एक हात फिरायचा. आठ दिवस बरे जायचे, मग पुन्हा पोतं ओलं.

त्या कव्हरच्या आत प्रायमरी चेन (इंजिनची ताकद क्लचपर्यंत नेणारी साखळी), क्लच आणि वीज तयार करणारा आल्टरनेटर असतो. तिथलं ऑइल इंजिनच्या ऑइलपासून वेगळं, साधारण 400 मिलिलिटर. आणि एवढं लांबरुंद कव्हर धरून ठेवणारा नट एकच, मधोमध. काठाला चहूबाजूंनी रबरी सील. हे स्वतः खोलून पाहिलं तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. नट गरजेपेक्षा जास्त आवळला की कव्हरचं पोट आत ओढलं जातं आणि काठ सीलवरून उचलला जातो. म्हणजे गळती थांबावी म्हणून आम्ही जे करत होतो, तेच गळती वाढवत होतं. गाडीची त्यात काहीच चूक नव्हती.

पण खोलायच्या आधी ऑइल नक्की कुठून येतंय ते शोधा. ते कुठूनही निघालं तरी थेंब सगळ्यात खालच्या टोकालाच लोंबतो, त्यामुळे फसायला होतं. मी कव्हर धुऊन, कोरडं करून त्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुरतो आणि पाचदहा किलोमीटर फिरून येतो. पावडर जिथे पहिल्यांदा भिजते तिथे चोर. काठ भिजला तर सील, मधला नट भिजला तर त्याखालचा वायसर. आणि मागून भिजलं तर बहुतेक वेळा आल्टरनेटरची वायर बाहेर येते तिथलं रबर कडक झालेलं असतं. मग नवीन सील टाकून काही उपयोग नाही.

गाडी डबल स्टँडवर घ्या, डावं फूटरेस्ट काढा, ब्रेकचं पेडल सोडवा, खाली पसरट ट्रे ठेवा. नट सुटून कव्हर हललं की सगळं ऑइल एकदम खाली येतं. कव्हर चिकटलं असेल तर हाताच्या तळव्याने किंवा लाकडी ठोकळ्याने हलकेच ठोका. फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, माझी कळकळीची विनंती आहे. ॲल्युमिनियमवर पडलेला ओरखडा म्हणजे ऑइलला बाहेर यायची पायवाट.

माझा सगळ्यात जास्त वेळ जातो तो साफसफाईत. पहिल्यांदा खोललं तेव्हा सीलच्या खाचेत सिलिकॉनचे तीन थर निघाले: वर करडा, मध्ये काळा, खाली पारदर्शक. प्रत्येक गॅरेजचा आपापला थर. बांबूची काडी तासून त्याने खाच कोरत बसलो, दुपार गेली. आत बघितलं तर सिलिकॉनचे शेवयांसारखे तुकडे चेनखाली पडलेले होते, एक तर क्लचला चिकटला होता. बाहेर जेवढं दिसतं तेवढंच आतही दाबलं जातं. चांगल्या सीलला सिलिकॉन लागतच नाही. सील जागेवर राहावं म्हणून खाचेत ग्रीसचं बोट फिरवलं की पुरे. आणि सील पेट्रोलने पुसू नका, रबर फुगतं. मग ते खाचेपेक्षा लांब भरतं आणि माणसाला कापायचा मोह होतो. कापलेलं सील गळणारच.

काठ सपाट आहे का ते बघायला कव्हर जाड काचेवर पालथं घाला आणि कागदाची पट्टी चहूबाजूंनी सरकवून बघा. माझ्या कव्हरखालून मागच्या बाजूला पोस्टकार्ड आरपार गेलं. थोडंफार असतं तर काचेवर पॉलिश पेपर ठेवून, कव्हर गोल गोल घासून सरळ केलं असतं. एवढं वाकलेलं मात्र मी वापरलं नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात दोन रविवार फिरलो, खिशात पोस्टकार्ड घेऊनच. तिथल्या एका दुकानदाराने स्वतःची काच काढून दिली. तिसरं कव्हर सपाट निघालं.

उघडलंच आहे तर प्रायमरी चेनही बोटाने वरखाली करून बघा. साधारण 6 मिलिमीटर हालचाल हवी, तीही चेन जिथे सगळ्यात ताठ असेल तिथे. म्हणून किक थोडी थोडी दाबत चार ठिकाणी बघायचं. आल्टरनेटरच्या चुंबकावरही नजर टाका. हातातून निसटलेला वायसर जमिनीवर शोधत बसतो आपण, आणि तो तिथे चिकटलेला असतो.

कव्हर लावताना चहूबाजूंनी तळव्याने दाबून ते सीलवर बसल्याचं हाताला कळू द्या. नटाखाली नवीन वायसर, आणि साध्या पान्याने मनगटाच्या जोरावर आवळायचं, बस. ऑइल भरताना लेव्हलचा स्क्रू उघडा ठेवा, तिथून झिरपायला लागलं की थांबा. ब्रेकचं पेडल जोडल्यावर मागचं चाक हाताने फिरवून ब्रेक लागतो आणि सुटतो, ब्रेकलाइट पेटतो, हे बघितल्याशिवाय गाडी गेटबाहेर काढू नका.

त्या रात्री मी गाडीखाली पांढरा पुठ्ठा ठेवला. सकाळी उठून बघतो तर आई माझ्याआधी तिथे वाकलेली. पुठ्ठा कोरडा होता. तिने आणखी आठ दिवस वाट बघितली, मग पोतं उचलून मागच्या कढीपत्त्याच्या झाडापाशी नेऊन टाकलं आणि फरशी सोड्याने घासायला बसली.