गज्जाच्या वाटेवरचा परदेशी आणि आमचे सर

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असं समितीचं पत्र आलं. कशावर लिहावं याचा विचार करायची वेळच आली नाही. दगडी इमारत, पटांगणातली चिंच, बोर्डिंगची घंटा, नाताळातली नाटकं यांबद्दल बाकीचे लिहितीलच. मला सरांबद्दल लिहायचं आहे, आणि तेही त्यांच्या शुक्रवारच्या शेवटच्या तासाबद्दल. सरांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आपल्या शाळेत नुसतं ‘सर’ म्हटलं की कोण, हे त्या काळातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे आणि स्वतःचं नाव छापून आलेलं त्यांना आवडतही नसे.

मी बीडकडचा. आई-वडील ऊसतोडीला. मुकादमाची उचल घेतली की दसऱ्यानंतर बैलगाडी जुंपायची आणि नगर जिल्ह्यातल्या कारखान्याच्या तळावर कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, घालून राहायचं, असं आमचं वर्ष असे. त्या हंगामात वडिलांनी मला तळावर न ठेवता आपल्या शाळेच्या बोर्डिंगात घातलं. सहावीत, तेही दिवाळीनंतर. घरात आजोबांपासून माळकरी परंपरा. येशूचं नाव मी तोवर ऐकलं नव्हतं म्हटलं तरी चालेल. वर्गातली बरीचशी मुलं ख्रिस्ती घरांतली, रविवारच्या शाळेत वाढलेली. त्यांना ज्या गोष्टी तोंडपाठ होत्या त्यांतली एकही मला माहीत नव्हती. बोलणंही वेगळं. जेवायला बसतानाची प्रार्थना कधी सुरू होते आणि कधी संपते, हे मी शेजारच्या मुलाकडे बघून ओळखायचो.

सर आम्हाला इतिहास शिकवत आणि शुक्रवारी पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, तास घेत. बिगरख्रिस्ती मुलांनी त्या तासाला बसलंच पाहिजे असं नव्हतं. ज्यांना नको असेल त्यांनी वाचनालयात जाऊन बसावं, असा सरांचा नियम होता आणि तो ते दर शुक्रवारी नव्याने सांगत. पहिल्या शुक्रवारी मी वर्गातच बसून राहिलो, कारण वाचनालय कुठे आहे हे विचारायचा धीर झाला नाही.

सरांनी त्या दिवशी मला उभं केलं आणि जाड पुस्तक हातात देऊन बोट ठेवलं, तिथून वाच म्हणाले. यशया संदेष्ट्याच्या 53 व्या अध्यायातल्या ओळी होत्या त्या. मेंढरासारखं त्याला वधायला नेलं, कातरणाऱ्यापुढे कोकरू गप्प राहतं तसं त्याने तोंड उघडलं नाही, अशा अर्थाच्या. मी अडखळत वाचलं. माझे हेल ऐकून मागच्या बाकावर कुणी तरी खुसखुसलं. सर तिकडे वळलेही नाहीत. त्यांनी मला विचारलं, “वाचलंस ते समजलं का?”

मी म्हणालो, “कुणी सांगितल्याबिगर कसं कळंल, गुरुजी?”

अख्खा वर्ग हसला. ‘सर’ न म्हणता ‘गुरुजी’ म्हटल्यामुळे हसला, ‘बिगर’मुळे हसला, असं मला वाटलं. पण सर हसले ते वेगळं. त्यांचा चेहरा इतका उजळला की मला अजून आठवतो. त्यांनी वर्गाला हात करून थांबवलं आणि म्हणाले, “बायबलातलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक, आठवा अध्याय काढा. हा मुलगा आत्ता काय बोलला ते तिथे शोधा.” पानं उलटल्याचा आवाज झाला. मग एकेक मूल मान वर करून माझ्याकडे बघायला लागलं. फिलिप्पाने रथातल्या परदेशी माणसाला अगदी हाच प्रश्न विचारला होता आणि त्या माणसाने अगदी हेच उत्तर दिलं होतं. ज्यांना ती गोष्ट पाठ होती त्या मुलांपैकी एकालाही ते सुचलं नव्हतं. सरांनी मला खाली बसवलं नाही. तुझ्या तोंडात जे वाक्य आलं ते कुणाचं आहे ते ऐक, म्हणाले आणि गोष्ट सांगायला लागले.

यरुशलेमहून गज्जाकडे, म्हणजे आजच्या गाझाकडे, उतरणारी ओसाड वाट. त्या वाटेवर एक रथ चाललाय. आत बसलाय तो कांदके राणीच्या सगळ्या खजिन्यावरचा अधिकारी, आफ्रिकेतला, काळा, षंढ. आराधनेसाठी एवढ्या लांबून यरुशलेमला येऊन तो परत निघालाय आणि रथात बसून यशयाची गुंडाळी मोठ्याने वाचतोय. फिलिप्प हा बारा प्रेषितांतला नव्हे. यरुशलेमच्या मंडळीत विधवांच्या रोजच्या वाटपात भेदभाव होतो अशी तक्रार झाली तेव्हा त्या कामाला नेमलेल्या सात जणांतला तो. हा फरक सर परीक्षेत हमखास विचारत. तो फिलिप्प धावत रथापाशी येतो. अधिकारी त्याला वर चढून शेजारी बसायला सांगतो. पुढे पाणी दिसतं आणि परदेशी माणूसच विचारतो, “हे पाहा पाणी, मला बाप्तिस्मा घ्यायला काय अडचण आहे?”

सरांची शिकवण्याची रीत इथे दिसायची. ते गोष्ट तिथे थांबवून मागच्या पानांत घेऊन जायचे. बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या 23 व्या अध्यायात अशा माणसाला परमेश्वराच्या मंडळीत येऊ देऊ नये असं स्पष्ट लिहिलंय, ते आमच्याकडून वाचून घेतलं. अडचण खरीच होती, लेखी होती. मग यशयाचा 56 वा अध्याय उघडायला लावला. मी वाळलेलं झाड आहे असं षंढाने म्हणू नये, परक्यानेही देवाने मला वेगळं काढलं असं म्हणू नये, मुलगे-मुलींहून उत्तम असं नाव मी त्याला देईन, असं तिथे परमेश्वर म्हणतो. “53 आणि 56. त्याच्या मांडीवर जी गुंडाळी होती तिच्यातच, थोडं पुढे उलगडलं की त्याच्यासाठी हे लिहून ठेवलेलं होतं,” सर म्हणाले. अकरा-बारा वर्षांच्या मुलांपुढे एवढ्या खोलात जाणारा शिक्षक मी पुढे प्रशिक्षण महाविद्यालयात आणि तीस-एक वर्षांच्या नोकरीतही पाहिला नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी आम्ही दहावीला गेल्यावर सांगितली. कृत्यांच्या त्या आठव्या अध्यायाचं 37 वं वचन, ज्यात फिलिप्प त्याला ‘मनापासून विश्वास असेल तर’ अशी अट घालतो, ते सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही. म्हणजे जुन्या पाठात ‘काय अडचण आहे’ या प्रश्नाला उत्तरच नाही. तो रथ थांबवायला सांगतो आणि दोघं पाण्यात उतरतात. सरांचा विश्वास पक्का होता, रोज पहाटे प्रार्थना करणारा माणूस. पण असलं काही मुलांपासून लपवून ठेवावं असं त्यांना कधी वाटलं नाही.

माझी मुलगी लंडनला असते. मागे तिच्याकडे गेलो तेव्हा ब्रिटिश म्युझियममध्ये गेलो ते एकाच वस्तूसाठी. कांदके हे एका बाईचं नाव नसून आजच्या सुदानातल्या मेरोएच्या राण्यांची ती पदवी होती, हे सरांनीच सांगितलेलं. इसवी सनापूर्वी 25 च्या सुमारास मेरोएच्या या राज्याच्या, म्हणजे कुशच्या, लोकांनी रोमच्या ताब्यातल्या इजिप्तवर चढाई केली आणि ऑगस्टस सम्राटाचे पुतळे पाडले. त्यांतल्या एका पुतळ्याचं ब्राँझचं मुंडकं मेरोएला नेऊन देवळाच्या पायऱ्यांखाली पुरलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायाखाली यावं म्हणून. 1910 साली उत्खननात ते सापडलं. काच आणि दगड बसवलेले डोळे अजून जसेच्या तसे आहेत. त्या काचेच्या कपाटापुढे मी बराच वेळ उभा होतो. रोमच्या सम्राटाला पायरीखाली घालणाऱ्या राज्याचा खजिनदार, आणि एका पायी चालणाऱ्या अनोळखी माणसाला म्हणतो की मला समजत नाही, वर येऊन बस. सर त्या माणसाचं इतकं का कौतुक करत, ते मला तिथे पुरतं उमगलं. मुलीला सगळी गोष्ट सांगितली. तिने ती तिच्या मुलाला सांगितली.

सरांचा दुसरा आवडता अध्याय कृत्यांचाच दहावा, कर्नेल्याचा. कैसरियात राहणारा रोमन शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांचा नायक, ‘इटलीची’ म्हटल्या जाणाऱ्या पलटणीतला. येशूचा यहूदी शिष्य पेत्र तेव्हा यापो गावी, समुद्रकाठी शिमोन चांभाराच्या घरी उतरलेला. भर दुपारी तो धाब्यावर प्रार्थनेला जातो, भूक लागते आणि आकाशातून सगळ्या प्राण्यांनी भरलेली मोठी चादर उतरते. ऊठ, मारून खा. पेत्र म्हणतो, मी अशुद्ध काही खाल्लेलं नाही. असं तीनदा होतं, तेवढ्यात कर्नेल्याची माणसं दारात. गोष्ट संपल्यावर सर विचारत, “यात मन कुणाचं बदललं?” मुलं एका सुरात कर्नेल्य म्हणायची. सर मान हलवत. कर्नेल्य तर आधीपासूनच प्रार्थना करत होता, दानधर्म करत होता. तीनदा सांगावं लागलं ते पेत्राला. आणि कर्नेल्याच्या घरी पेत्राचं बोलणं पुरं व्हायच्या आत, बाप्तिस्म्याच्याही आधी, त्या परराष्ट्रीयांवर, म्हणजे यहूदी नसलेल्यांवर, पवित्र आत्मा उतरला. यरुशलेमला परत गेल्यावर पेत्राला जाब विचारला गेला तो काय? तू त्यांच्या घरात गेलास आणि त्यांच्या पंगतीला बसलास. हे वाक्य महाराष्ट्रातल्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही. पेत्राचं उत्तर सर फळ्यावर लिहीत: देवाला अडवणारा मी कोण? आणि त्याच्या शेजारी त्या खजिनदाराचा प्रश्न: मला काय अडचण आहे? दोन्ही वाक्यं आठवडाभर फळ्याच्या कोपऱ्यात राहायची. गणिताच्या बाईसुद्धा ती पुसत नसत.

सगळ्याच गोष्टी सांगत बसलो तर स्मरणिका पुरायची नाही. दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि आभार मानायला परतला तो एकटा शोमरोनी, यहूद्यांच्या लेखी परका. फिलिप्पैला नदीकाठी भेटलेली थुवतीराची लुदिया, जांभळ्या कापडाचा व्यापार करणारी. कफर्णहूमचा शताधिपती, जो म्हणाला की आपण माझ्या छपराखाली यावं अशी माझी योग्यता नाही, फक्त शब्द बोला. येशूला आश्चर्य वाटल्याचं शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलातल्या त्याच्या चरित्रांत, दोनच प्रसंगी येतं, हे सरांनी दाखवलं होतं. या परक्या शिपायाच्या विश्वासाचं एकदा, आणि स्वतःच्या गावातल्या लोकांच्या अविश्वासाचं एकदा.

सोर प्रांतातल्या त्या आईबद्दल मात्र लिहिलंच पाहिजे. मुलीसाठी पाया पडलेल्या त्या परदेशी बाईला येशू म्हणतो, मुलांची भाकर कुत्र्यांना टाकणं बरं नव्हे. ती म्हणते, खरं आहे प्रभू, पण मेजाखालची कुत्रीही मुलांच्या हातून पडलेला चुरा खातात. वर्गातल्या एका मुलीने विचारलं, येशू असं कसं बोलला? सरांनी उत्तर घाईने दिलं नाही. हे वाक्य कडू आहे, ते गोड करून सांगू नका, म्हणाले. शुभवर्तमान लिहिणारा मार्क सांगतो की तुझ्या या बोलण्यामुळे जा, तुझी मुलगी बरी झाली, असं येशूने तिला म्हटलं. बाईचा शब्द खाली पडला नाही. यापलीकडे ते गेले नाहीत. ती मुलगी पुढे आपल्याच शाळेत शिक्षिका झाली.

याकोबाच्या विहिरीवरची शोमरोनी बाई शिकवताना त्यांचा आवाज चढायचा. यहूदी शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नाहीत आणि येशू हा यहूदी भर दुपारी तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. इतिहासाचा शिक्षक मग जागा व्हायचा. जोतीरावांनी 1868 साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. बाबासाहेब 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यात उतरले. पाण्यापाशी माणूस माणसाला काय समजतो ते कळतं, असं सर म्हणत. एका तासात तीन देश-काळ यायचे आणि घंटा झाली तरी कुणी उठत नसे.

माझ्या गळ्यात आजही माळ आहे. मी बाप्तिस्मा घेतला नाही आणि सरांनी मला कधी त्याबद्दल विचारलंही नाही. आषाढीला माझा उपवास असायचा, तेव्हा बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात जाऊन माझ्यासाठी साबुदाणा भिजवायला ते स्वतः सांगून येत. वडील हंगाम संपवून न्यायला आले की त्यांना ऑफिसात खुर्चीवर बसवून चहा देत. कोयत्याच्या घट्ट्यांचे हात घेऊन माझे वडील त्या खुर्चीत अवघडून बसलेले असत आणि सर त्यांच्याशी आमच्या गावच्या पावसाबद्दल बोलत. असा आदर माझ्या वडिलांना दुसऱ्या कुठल्याही कचेरीत मिळाला नाही.

सरांमुळे मी शिक्षक झालो, विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झालो. आता हंगामात एका कारखान्याच्या तळावर साखरशाळेला, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शाळेला, मदत करतो. माझ्या हाताखालून गेलेली, कोपीत जन्मलेली एक मुलगी यंदा परिचारिका झाली, हे सांगताना मला फार आनंद होतो. दिवाळीनंतर वर्गात येणारं मूल हजेरीपटाच्या तळाशी लिहिलं जातं. आमच्या साखरशाळेत त्याला पहिल्या दिवशी पहिलं वाचायला देतात.

बोर्डिंग बंद झालं, शुक्रवारचा शेवटचा तास आता स्पर्धा परीक्षांच्या तयारीला गेला, असं ऐकलं. काळाप्रमाणे ते झालं असेल, पण मला त्याचं दुःख होतं. सरांसारखं शिकवणारं कुणी नसेल तर तास ठेवून काय करायचं, असं समितीतले एक जण फोनवर म्हणाले. ते मला पटलं नाही. फळा आहे, ग्रंथ आहे, प्रश्न विचारणारी मुलं आहेत.

म्हणून समितीला माझी विनंती आहे. सरांच्या नावाने वाचनाचं एक वार्षिक पारितोषिक ठेवावं. त्यासाठीची रक्कम मी शाळेच्या खात्यात जमा केली आहे. वर्षाच्या मध्यावर दाखल झालेल्या मुलामुलींसाठीच ते असावं, जातीधर्माची अट नसावी, उतारा शाळेने निवडावा आणि उच्चारांचे गुण कापू नयेत. वाचून झाल्यावर परीक्षकांनी “समजलं का?” एवढं विचारावं आणि उत्तर येईपर्यंत थांबावं.