सुदानला पैसे पोचवताना

१५ एप्रिल २०२३ला खार्टूममध्ये जनरल बुऱ्हान यांचं लष्कर आणि दगालो यांची निमलष्करी आरएसएफ एकमेकांवर तुटून पडली. तेव्हापासून परदेशातला सुदानी माणूस उठल्याउठल्या घरच्यांचं व्हॉट्सॲपवरचं ‘लास्ट सीन’ बघतो. शोक, मोर्चे, फेसबुकवरचे वाद नंतर, आधी पैसे. पुण्यात सुदानी मुलं कित्येक वर्षांपासून शिकायला येताहेत, तरी हे पैसे नेमके कसे पोचतात ते इथे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

व्यवहार बहुतेक ‘बंकक’वर चालतो. हे बँक ऑफ खार्टूमचं मोबाइल ॲप. रियाधमधला भाऊ तिथल्या दलालाला रियाल देतो आणि दलालाचा सुदानमधला जोडीदार ठरल्या दराने सुदानी पाउंड घरच्यांच्या खात्यात टाकतो. रियाल सीमा ओलांडतच नाहीत. (हा हवालाच. भारतातून तो कायद्यात बसत नाही.)

पैसे टाकल्याचा स्क्रीनशॉट येतो, त्याला ‘इशआर’ म्हणतात. बनावट इशआर सर्रास फिरतात. त्यामुळे घरच्यांनी ॲप उघडून शिल्लक वाढल्याचं कळवल्याशिवाय व्यवहार पुरा धरू नये. पण ॲप उघडायला नेटवर्क लागतं. फेब्रुवारी २०२४च्या सुरुवातीला देशातलं मोबाइल जाळं जवळजवळ पूर्ण बंद पडलं होतं. नंतर बऱ्याच गावांत स्टारलिंकची (उपग्रहावरून इंटरनेट देणारी) डिश लावून वापराच्या वेळेप्रमाणे पैसे घेणारे लोक बसले. तिथे बसलेल्या बहिणीकडे व्हिडिओ कॉलचा हट्ट धरू नये. रक्कम मिळाली का, औषध मिळालं का, तिथून हलायचं आहे का: एवढं एकाच मेसेजमध्ये विचारावं.

खरी गोची रोकडीची. खात्यात आकडा दिसतो, हातात नोट नसते. व्यापारी बंककवर पैसे घेऊन रोख देतो, पण स्वतःचा हिस्सा कापून. आरएसएफच्या वेढ्यातल्या, दारफूरमधल्या अल-फाशेर शहरात तो हिस्सा फार मोठा होता. त्यातच २०२४च्या अखेरीस लष्कराच्या बाजूने नव्या नोटा आल्या आणि आरएसएफने आपल्या भागात त्यांवर बंदी घातली. म्हणून रोख काढण्यापेक्षा बंकक घेणाऱ्या दुकानदाराकडून थेट धान्य, तेल, साबण घेणं परवडतं.

मोठी रक्कम एकदम पाठवू नये. पाउंड घसरत राहतो, आणि तपासणी नाक्यावर फोन हिसकावून खातं रिकामं केल्याचे प्रकार झाले आहेत. त्यापेक्षा महिन्यातून दोन-तीनदा थोडं थोडं बरं.

२६ ऑक्टोबर २०२५ला अल-फाशेर आरएसएफच्या हाती पडलं, तेव्हा पकडलेल्या माणसांसाठी खंडणीचे फोन सुरू झाले. अशा वेळी घरातल्या एकानेच बोलावं. दोघं बोलले की आकडा चढतो. माणसाचा आवाज ऐकल्याशिवाय पैसे टाकू नयेत. नातेवाइक परदेशात काय करतात, हे फेसबुकवर दिसत असेल तर आधी ते झाकावं. ‘खंडणी देऊ नका’ म्हणणाऱ्यांचा भाऊ तिथे अडकलेला नसतो.

घरच्यांचा पत्ताच लागत नसेल, तर पुष्कळ जण तेच पैसे ‘तकाया’ला देतात. ही मोहल्ल्याची सामायिक स्वयंपाकघरं. मसूर, ज्वारी, ‘फूल’ नावाचं कडधान्य असं जे मिळेल ते मोठ्या पातेल्यात शिजतं. त्यांतली बरीचशी ‘इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्स’ या स्थानिक मदतगटांचे स्वयंसेवक चालवतात. २०२५च्या सुरुवातीला अमेरिकेने मदत थांबवली आणि शेकडो स्वयंपाकघरं बंद पडली. आपल्याच मोहल्ल्याचं निवडावं: चालवणाऱ्याला कुणीतरी ओळखतं, आणि आज किती ताटं वाढली हे शेजारीच सांगतात.